नाशिक गावातून १५ सँडविच पार्सल: गाडी कुठे, वेळ कुठली आणि ती ओली का होतात?

वांगी_भरीत

नमस्कार मंडळी. येत्या बुधवारी जळगावहून टेम्पो ट्रॅव्हलरने आम्ही १५ जण येतोय. मालेगावमार्गे दुपारी दोनपर्यंत पंचवटीत. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा करून संध्याकाळी त्र्यंबकला मुक्काम. वाटेत खायला गावातलं, म्हणजे रविवार कारंजा ते मेन रोड पट्ट्यातलं, ते नावाजलेलं सँडविच पार्सल घ्यायचा बेत आहे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येकाचं लाडकं वेगळं, उगाच वाद नको.

प्रश्न असे: (१) एवढी मोठी गाडी गावात घालावी का? (२) किती वाजता गेलं तर गर्दी कमी? (३) साधं, टोस्ट की ग्रिल? घेतल्यावर खाईपर्यंत तास-दीड तास जाणार. (४) तिघे जैन आहेत, चातुर्मास पाळणारे. त्यांचं काय करायचं? (५) मुख्य म्हणजे पार्सल सँडविचचा नेहमी लगदा होतो. तो कशाने होतो?

गंगेवरचा

वार बदला. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो. (बाहेरच्यांसाठी: नाशकात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात.) घाटाच्या अंगाने भाजीवाले, कपडेवाले, भांडीवाले बसतात. त्या दिवशी १५ जणांचा घोळका आणि मोठी गाडी दोन्ही अडकणार. मंगळवार किंवा गुरुवार बघा.

गाडी गावात अजिबात घालू नका. पेठांतले रस्ते टांगे आणि बैलगाड्यांच्या काळातले आहेत. टेम्पो ट्रॅव्हलर आत शिरेल, पण समोरून मालाचा छोटा टेम्पो आला की मागे घ्यायला जागा उरत नाही. मालेगावकडून येताना आडगाव नाक्यावरून निमाणी, मग पंचवटी कारंजा लागेल. सगळ्यांना तिथेच उतरवा. देवळं या क्रमाने करा: सीतागुंफा, काळाराम, मग उताराने रामकुंड. उलटं केलंत तर शेवटी चढ चढावा लागतो. सीतागुंफेला वेळ धरून चला. तोंड बुटकं आहे, वाकून, बसत एकेकाने उतरायचं, म्हणजे १५ जणांना रांग धरून पाऊण तास सहज. गुडघे दुखणाऱ्यांना आत नेऊ नका.

रामकुंडावरून होळकर पूल चालत ओलांडा. पुलाच्या गावाकडच्या टोकाशी सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ चं. तिथून रविवार कारंजा दोन-तीन मिनिटांवर. ड्रायव्हरला तोवर रामवाडी पुलाकडून अशोकस्तंभाला यायला सांगा आणि पार्सल घेऊन तुम्ही तिथवर चालत जा. अंतर थोडंच आहे. पुढे मेहेर चौक, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि त्र्यंबक रोड सरळ आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं सुरू असली की कुठला रस्ता कधी बंद असेल याचा नेम नसतो, म्हणून पंचवटीत उतरल्यावर एखाद्या रिक्षावाल्याला विचारून घ्या. त्याला सगळं ठाऊक असतं.

पावसाळ्यात येत असाल तर गाडी घाटावर लावूच नका, अगदी 'पाच मिनिटं' म्हणूनसुद्धा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट बघता बघता पाण्याखाली जातो. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुतीच्या पायाला पाणी लागायच्या आधीच घाटावरच्या गाड्या हलवलेल्या बऱ्या.

काप_पातळ

लगदा होण्याची कारणं तीन, आणि तिन्ही वेगवेगळी आहेत. लोक तिघांचंही खापर चटणीवर फोडतात.

गाडीवरचं सँडविच हे समोर उभं राहून पाच मिनिटांत संपवायचं, असं धरूनच बांधलेलं असतं. चटणी पातळ म्हणजे पसरायला सोपी. मसाला प्रत्येक थरावर म्हणजे प्रत्येक घासाला चव. सहा तुकडे म्हणजे बोटांनी उचलता येतात. वरून शेव. तिथल्या तिथे खायला हे सगळं बरोबरच. तासाभराने मात्र यातली एकेक गोष्ट उलटते.

पहिलं कारण चटणीचं पाणी. ब्रेडला लोणी कडेपर्यंत लावलेलं असेल तर चटणी लोण्यावर बसते, ब्रेडमध्ये शिरत नाही. घाईत मधोमध एक फराटा मारतात, कडा कोऱ्या राहतात आणि ओल तिथूनच आत जाते. म्हणून आधी 'लोणी दोन्ही कापांना, कडेपर्यंत' असं सांगा. एका सँडविचला दोन्ही काप मिळून १५ ग्रॅम लोणी पुरतं. लोण्याच्या अर्धा किलोच्या लादीत तीसेक सँडविच होतात, म्हणजे दुकानदाराला हे काही फार महाग पडत नाही. चटणी एकाच कापाला, एक मोठा चमचा. चटणी वाटताना मूठभर फुटाण्याची डाळ घातली की ती घट्ट बसते आणि पाणी सोडत नाही. चांगल्या गाड्यांवर तशीच असते. चमच्यावरून ओघळत असेल तर ती पातळ आहे असं समजा. मग ती ब्रेडला न लावता वेगळी मागा.

दुसरं कारण मीठ, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. टोमॅटो-काकडीवर मीठमसाला पडला की दहा मिनिटांत फोडींना पाणी सुटायला लागतं. सँडविच मसाल्यात काळं मीठ असतंच, त्यामुळे 'मीठ नको, मसाला चालेल' म्हटल्याने काही साधत नाही. दोन्ही वेगळ्या पुडीत घ्या आणि खाताना वरचा काप उचलून भुरभुरा. लोणी खारं असतं, बटाट्याला थोडं मीठ लावलेलं असतं, म्हणून अगदी अळणी लागत नाही.

तिसरं वाफ. ते टोस्टवाल्यांचं दुखणं आहे, खाली कुणीतरी लिहीलच.

थर लावण्याचा क्रमही महत्त्वाचा. चटणीच्या कापावर आधी उकडलेला बटाटा. तो कोरडा असतो, चटणीची ओल आपल्याकडे घेतो आणि जागचा हलत नाही. त्यावर बीट, मग काकडी, मग टोमॅटो, वर कांदा. टोमॅटो कधीही ब्रेडला टेकता कामा नये. आपल्या जिल्ह्याचं यात भाग्य असं, की पिंपळगावच्या बाजारात येणारा टोमॅटो बहुतेक लांबच्या प्रवासाच्या हिशोबाने लावलेला असतो: जाड गराचा, बिया कमी, रस कमी. कोशिंबिरीला कुणी त्याला नावं ठेवोत, सँडविचला तोच बरा. दुकानात रसाळ गावरान दिसला तर पार्सलमधून टोमॅटो वगळायला सांगा.

तुकडे करू नका म्हणावं. फार तर एक तिरपी चीर, दोन त्रिकोण. सहा तुकडे केले की कापलेल्या कडा वाढतात, तिथून ब्रेड वाळतो आणि मधला माल सरकून बाहेर येतो. शेव वेगळ्या पुडीत. मेयोनीज घातलेलं काहीही पार्सल घेऊ नका.

जाळीवाला

वरचं साध्या सँडविचचं सगळं पटलं. पण 'तास-दीड तास जाणार असेल तर टोस्टच घ्या' असा सल्ला इथे कुणी देण्याआधी सांगतो: देऊ नका. टोस्ट कुरकुरीत असतो तो पहिली दहा मिनिटं. त्यानंतर आतल्या भाजीची वाफ बाहेर पडायला बघते. डबा बंद असेल तर ती झाकणाला लागून थेंब होऊन परत ब्रेडवर पडते. ब्रेड मऊ होतो आणि गार झाल्यावर चिवट, इतका की दातांनी ओढावा लागतो. फॉइलमध्ये गुंडाळलेला टोस्ट तर सगळ्यात वाईट. फॉइलमधून वाफ अजिबात जात नाही. गरम राहतं म्हणून लोक फॉइल मागतात आणि स्वतःच त्याला उकडून काढतात.

तरीही टोस्टच हवा असेल तर एक उपाय आहे. टोस्टरमधून काढल्यावर तीन-चार मिनिटं जाळीवर उघडा ठेवायला सांगा, ताटलीत नको. खालून हवा लागली की वाफ निघून जाते. मग बटर पेपर, मग पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्याच्या दोन बाजूंना बोटभर भोकं. एकावर एक दोनच थर. चीज घातलेलं असेल तर ते गार होऊन घट्ट बसतं आणि सँडविच सुटत नाही, हा एक फायदा. ग्रिलवर दाबलेलं असल्यामुळे त्यात हवा कमी, वाफ कमी. म्हणून टोस्टपेक्षा ग्रिल थोडं जास्त टिकतं. पण तुमच्या दीड तासाला साधंच.

आता वेळेचा हिशोब. लांब दांड्याच्या हातटोस्टरला गॅसवर एक सँडविच भाजायला तीन-चार मिनिटं लागतात, दोन्ही बाजू उलटसुलट करून. दुकानात चार टोस्टर असतील तर १५ टोस्टला चार घाणे, भरण्याचा वेळ धरून २५ मिनिटं तरी. आणि तेवढा वेळ बाकीची गिऱ्हाइकं तुमच्याकडे बघत उभी. साधं सँडविच सराईत हात मिनिट-सव्वा मिनिटात लावतो, १५ नग वीस मिनिटांत निघतात. संध्याकाळी साडेसहानंतर गावात खरेदीची आणि क्लास सुटल्याची गर्दी एकत्र होते. साडेचार ते साडेपाच गाठा. त्याच्या आधी गेलात तर बटाटे उकडून गार व्हायचे असतात, आणि गरम बटाट्याचे काप तुटतात.

पेठेतली_सून

चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही म्हणून लिहिते.

'जैन सँडविच' म्हटलं की बहुतेक ठिकाणी बटाटा, कांदा, बीट काढतात आणि काम झालं असं समजतात. ते पुरेसं नाही ताई. चटणीत लसूण नसला तरी आलं असतं, आणि ओलं आलं हेही कंदच. चातुर्मास काटेकोर पाळणारे पालेभाजीही वर्ज्य करतात, म्हणजे कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणीच बाद. त्या तिघांना आधी विचारून घ्या की ते नेमकं काय पाळतात. घराघरात फरक असतो.

सगळ्यात सुरक्षित भरण: लोणी, काकडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, चीज, वरून नुसती मिरपूड. काही दुकानांत बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून ठेवतात, असेल तर मागा. चटणीच्या जागी सॉसची पाकिटं द्यायची असतील तर मागच्या बाजूचे घटक वाचा. सॉसमध्ये कांदा-लसूण बऱ्याचदा असतो. आणि एक गोष्ट संकोच न करता सांगा: सुरी आणि पाट धुऊन घ्या, जैन आधी लावा. नाहीतर ज्या सुरीने कांदा कापला तिनेच काकडी कापली जाते. गर्दीच्या वेळी हे कुणी करत नाही. साडेचारला जायचं हेही एक कारण.

काळोख पडायच्या आत खाणारे असतील तर त्या तिघांना दुकानातच खायला घाला. त्यांचं पार्सल नकोच.

काप_पातळ

बरोबर. ऑर्डर तोंडी देऊ नका, चिठ्ठी द्या. १५ जणांच्या १५ फर्माइशी कुठल्याही दुकानदाराला झेपत नाहीत, आणि चूक झाली की तुम्ही त्याला बोल लावणार. तीनच गट करा. चिठ्ठी अशी:

साधं १०. पार्सल. लोणी कडेपर्यंत. चटणी एकाच कापाला. मीठमसाला वेगळा. दोन त्रिकोण.
साधं, कमी तिखट २. लोणी जास्त, चटणी नाही. पार्सल.
जैन ३. आधी लावणे. इथेच खाणार.

कमी तिखटच्या बटर पेपरवर पेनाने खूण करून घ्या. गाडीतल्या अंधारात कुठलं कुठलं ते कळत नाही आणि नेमकं पोराच्या हातात हिरवी मिरची जाते.

बांधणीचं. वर्तमानपत्राचा कागद अन्नाला थेट लागू देऊ नका. शाईतले घटक तेलकट पदार्थात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत त्याला मनाई आहे, तरी अजून कुठे कुठे वापर दिसतो. प्रत्येक सँडविच वेगळ्या बटर पेपरमध्ये, घट्ट. सैल गुंडाळलं तर ब्रेडच्या कडा वाऱ्याने वीस मिनिटांत खडखडीत होतात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून कापडी पिशवी घरूनच आणा, तळ सपाट असलेली. स्टीलचा चपटा डबा असेल तर अति उत्तम. तळाला आणि झाकणाखाली एकेक कागदी रुमाल, तो ओल टिपतो. चटणीची पुडी डब्यात ठेवू नका. उभी, वेगळ्या पेल्यात.

गाडीत डबा मागच्या काचेपाशी ठेवू नका, ऊन तिथे शेवटपर्यंत येतं. सीटखाली, सावलीत. उकडलेला बटाटा आणि ओली चटणी एकत्र असल्यामुळे उन्हाळ्यात तासाभरात, एरवी दोन तासांच्या आत खाऊन संपवा. उरलेलं 'सकाळी चहाबरोबर' म्हणून ठेवू नका. बरोबर न्यायला नाशिकचा चिवडा आहे की.

गंगेवरचा

त्र्यंबक तीसेक किलोमीटर. संध्याकाळी सातपूरला कारखान्यांची शिफ्ट सुटते तेव्हा रस्ता तुंबतो. गावातून साडेपाचला निघालात तर पोचायला तास ते सव्वा तास धरा. म्हणजे मुक्कामी पोचून खायचं म्हटलं तरी दोन तासांच्या आत बसतंय. सातपूर ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन खाल्लंत तर आणखी बरं, ब्रेड अजून ताजा असेल.

पैशाचं: स्कॅन करून देता येतं सगळीकडे, पण दाट वस्तीच्या गल्ल्यांत नेट कधी कधी रुसतं. एकाच माणसाने एकदम पैसे द्यावेत आणि खिशात रोख असावी. १५ जणांनी आपापले स्कॅन केले तर दुकानदाराला हिशोब लागत नाही.

जाळीवाला

एक राहिलं. हिरवी चटणी तासाभराने काळपट पडते म्हणून लोक घाबरतात. खराब झालेली नसते, कोथिंबिरीचा रंग हवेने उतरतो. वाटताना बर्फाचं पाणी आणि लिंबू घातलं असेल तर रंग जास्त वेळ टिकतो. वास आंबूस आला तर मात्र टाकून द्या.

वांगी_भरीत

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मंगळवार ठरला. चिठ्ठी उतरवून घेतली, डबा घेतला, बटर पेपरही इथूनच आणते. आता नवी अडचण: सासूबाई आणि त्यांच्या बहिणीचा मंगळवारचा उपास असतो, हे वार बदलल्यावर लक्षात आलं. शिवाय दोघींना सीतागुंफा झेपणार नाही, आणि पूल चालत ओलांडणंही जड जाईल.

पेठेतली_सून

मग त्या दोघींना सीतागुंफेच्या रांगेत उभं करू नका. काळारामाचं दर्शन करून सभामंडपात बसू द्या, तिथे सावली असते. तुम्ही गुंफा करून या. पुढे पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडवरून त्यांना रिक्षाने थेट रविवार कारंजाला पाठवा. तिथे चांदीचा गणपती आहे, उपासही त्याचाच असेल. मंगळवारी रांग असते, पण त्यांचा वेळ जाईल आणि तोवर तुमचं पार्सल होईल. एक चिठ्ठी त्यांच्याकडेच द्या. तुम्ही पूल ओलांडेपर्यंत ऑर्डर लागलेली असेल, वीस मिनिटं वाचतील.

उपासाला ब्रेड चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी साबुदाणा वडा. तो मात्र तिथेच, गरम खायचा. पार्सल करू नका, गार झाला की आतून चिकट आणि बाहेरून वातड होतो. घेण्याआधी विचारा की ज्या तेलात बटाटेवडा तळला त्यातच साबुदाणा वडा तळलाय का. तसं असेल तर काही जणींना चालत नाही. वाटेसाठी उपासाचा बटाट्याचा चिवडा आणि केळी घेऊन ठेवा.

वांगी_भरीत

चिठ्ठी सासूबाईंकडे दिली तर 'लोणी कडेपर्यंत' लागतंय की नाही ते त्या उभं राहून बघतील. हे आधी सुचायला हवं होतं.